एचपीव्हीची मॉलिक्युलर चाचणी: कधी करायची, कशी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टवर "एचपीव्ही १६ : आढळला" एवढी एकच ओळ असते. ती वाचून एखादी बाई घरी येते ती आपल्याला कॅन्सर झाला असं धरूनच. दुसरी कुणी "आढळला नाही" हे शब्द वाचते आणि पुढची पंधरा वर्षं तपासणीचं नाव काढत नाही, मधेच अंगावरून रक्त जायला लागलं तरी. दोघींची चाचणी बरोबर झालेली असते. घोटाळा होतो तो वाचण्यात, आणि वाचण्यात होतो कारण चाचणीच्या आधी कुणी बसून नीट सांगितलेलं नसतं.

म्हणून हा लेख जरा लांबून सुरू करतो. नमुना देणाऱ्या बाईला आणि तिला समजावून सांगणाऱ्या आरोग्यसेविकेला, नर्सला किंवा मुलीला, सगळ्यांनाच तो उपयोगी पडावा असा प्रयत्न आहे.

ही चाचणी नेमकं काय शोधते

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचे, म्हणजे एचपीव्हीचे, २०० हून जास्त प्रकार आहेत. बरेचसे हातापायांवर चामखीळ आणण्यापलीकडे काही करत नाहीत. ६ आणि ११ हे प्रकार जननेंद्रियांवर चामखीळ आणतात. त्रासदायक खरे, पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्यांतले नव्हेत. चाचणीला ज्यांच्याशी देणंघेणं आहे ते साधारण १४ प्रकार: १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८, ५९, ६६ आणि ६८. यांना "हाय रिस्क" म्हणतात. त्यातही १६ आणि १८ हे दोघे मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना जबाबदार आहेत. जर्मनीतल्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटानं १९८३ मध्ये १६ आणि पुढच्या वर्षी १८ हा प्रकार कॅन्सरच्या ऊतीतून वेगळा काढला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

आता महत्त्वाचं. हा विषाणू लागणं ही अगदी सर्रास गोष्ट आहे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी भेटतो. दहांपैकी साधारण नऊ जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत दिसेनासा होतो, काहीही औषध न घेता. उरलेल्या एखादीत तो ठाण मांडून बसतो. त्याच्या ई६ आणि ई७ या दोन जनुकांपासून बनणारी प्रथिनं पेशीतल्या दोन पहारेकऱ्यांना कामातून उठवतात: ई६ मुळे पी५३ नष्ट होतं, ई७ मुळे आरबी निकामी होतं. पहारा उठला की पेशी बेलगाम वाढू लागतात. आधी कॅन्सरपूर्व बदल होतात, ज्यांना सीआयएन म्हणतात आणि १, २, ३ अशा पायऱ्या देतात. त्यातले काही पुढे कॅन्सर होतात. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर लागण ते कॅन्सर या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ उपचार न घेतलेला एचआयव्ही असेल, तर ५ ते १० वर्षंही पुरतात.

या मधल्या लांबलचक काळावरच सगळी तपासणी उभी आहे. घाव घालायला एवढा वेळ देणारे कॅन्सर फार थोडे.

पॅप स्मिअर असताना ही कशाला

पॅप स्मिअरनं मोठं काम केलं आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यात पेशी काचेवर पसरून माणसाच्या डोळ्यांनी पाहायच्या असतात. पेशींचं रूप बदललेलं असलं पाहिजे, त्या पेशी ब्रशला लागल्या पाहिजेत आणि पाहणाऱ्याची नजर त्या क्षणी ताजी असली पाहिजे. तीनपैकी एक निसटलं की स्मिअर "नॉर्मल". म्हणूनच ती पुन्हा पुन्हा करावी लागते. मॉलिक्युलर चाचणी एक पायरी आधी जाते: पेशी बिघडायची वाट न बघता बिघडवणारा तिथे आहे का, एवढंच विचारते.

पुरावाही भक्कम आहे. युरोपातल्या चार मोठ्या चाचण्यांमधल्या १,७६,४६४ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१४ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात पेशीतपासणीच्या तुलनेत एचपीव्ही चाचणीनं पसरणाऱ्या कॅन्सरपासून ६० ते ७० टक्के जास्त संरक्षण दिलं. त्याआधी २००९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या धाराशिवमधला, अभ्यास छापून आला होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, ४९७ गावं, चार गट. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं त्या गटातले कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या मार्गदर्शक सूचना लिहिताना हा अभ्यास समोर ठेवला गेला आहे.

पायरी पहिली: आपल्याला ही चाचणी हवी आहे का, कधी

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अशी: सर्वसाधारण स्त्रीनं वयाच्या ३० व्या वर्षी सुरुवात करावी आणि निगेटिव्ह असेल तर ५ ते १० वर्षांनी पुन्हा करावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीनं २५ व्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी. काही देश सगळ्यांसाठीच २५ पासून सुरू करतात. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०१७ पासून पॅप सोडून २५ ते ७४ वयासाठी पाच वर्षांतून एकदा एचपीव्ही चाचणी असं धोरण घेतलं. एवढंही जमणार नसेल तर निदान पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत एकदा, हा त्याच संघटनेच्या निर्मूलन धोरणातला किमान आकडा लक्षात ठेवा.

"लवकर केलेलं बरं" म्हणून बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन जाणाऱ्या आया असतात. हेतू चांगला, पण त्या वयात लागण सर्वांत जास्त असते आणि ती आपोआप जाणारी असते. पॉझिटिव्ह रिपोर्ट येईल, घर काळजीत पडेल, बायोप्सीपर्यंत, म्हणजे तुकडा काढून तपासण्यापर्यंत, गाडी जाईल आणि हाती काही लागणार नाही. त्या वयात उपयोगाची असेल तर लस.

लस घेतली असेल तरीही वेळ आली की चाचणी करायचीच, कारण कोणतीच लस चौदाही प्रकार अडवत नाही. रजोनिवृत्ती झाली, नवरा वारला, कित्येक वर्षांत संबंध नाहीत, तरीही करायची; जुनी लागण दबून राहिलेली असू शकते. गर्भपिशवी काढली असेल तर एक प्रश्न विचारा: तोंडासकट काढली का, आणि कशासाठी? तोंडासकट काढली असेल, कारण फायब्रॉइडसारखं साधं असेल आणि आधी कधी सीआयएन २ किंवा त्यावरचा बदल निघालेला नसेल, तर तपासणीची गरज उरत नाही. तोंड ठेवलं असेल तर ते इतरांसारखंच तपासायचं.

आणि हे ठळक अक्षरात समजा: संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मधे डाग, दुर्गंधी येणारं पाणी जाणं, यांपैकी काही असेल तर तुमचा रस्ता वेगळा आहे. तपासणी ही काही त्रास नसलेल्यांसाठी असते. त्रास असेल तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आत बघून घ्यायचं. गर्भाशयमुखाचे थोडे कॅन्सर एचपीव्हीशिवायही होतात, त्यामुळे अशा वेळी निगेटिव्ह रिपोर्ट छातीशी धरून बसणं धोक्याचं.

पायरी दुसरी: कोणती चाचणी, हे विचारून घेणं

"एचपीव्ही टेस्ट" या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या वस्तू मिळतात. रक्त देऊन होणारी एचपीव्हीची कोणतीही तपासणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी उपयोगाची नाही, ती आधी बाजूला काढा. उरलेल्यांत दोन घराणी. एक विषाणूचा डीएनए शोधतं: रोशची कोबास, बीडीची ऑनक्लॅरिटी, सेफीडची एक्सपर्ट, जुनी हायब्रिड कॅप्चर २ ही सगळी त्यातली. दुसरं ई६ आणि ई७ या जनुकांचा एमआरएनए (जनुक कामाला लागलं की त्यावरून निघणारी प्रत) शोधतं, म्हणजे विषाणू नुसता बसलाय की कामाला लागलाय हे बघतं. होलॉजिकची ॲप्टिमा हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

दोन्ही चालतात. एमआरएनए चाचणीत विनाकारण पॉझिटिव्ह थोडे कमी येतात. डीएनए चाचण्यांच्या पाठीशी जास्त वर्षांचा अनुभव आहे आणि स्वतः घेतलेल्या नमुन्यावर पीसीआर पद्धतीच्या (डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणाऱ्या) डीएनए चाचण्याच भरवशाच्या ठरल्या आहेत. हा शेवटचा मुद्दा विसरू नका, पुढे लागणार आहे.

मात्र एक जाहिरात ऐकून भुलू नका: "आमची चाचणी अठ्ठावीस प्रकार शोधते." चाळणीची भोकं जितकी बारीक तितकी चाळणी चांगली असं नसतं, फार बारीक केली तर पीठच खाली पडत नाही. कमी धोक्याचे प्रकार शोधून तपासणीत काहीच हाती येत नाही, नुसती धास्ती वाढते. तीच गोष्ट संवेदनशीलतेची, म्हणजे असेल ते न सुटू देण्याची. विषाणूच्या चार-दोन प्रती सापडल्या म्हणजे पेशीत बदल आहेत असं नव्हे. म्हणून चांगल्या चाचणीची पॉझिटिव्हची रेघ मुद्दाम अशा जागी ओढलेली असते, की सीआयएन २ आणि त्यावरचे बदल निसटू नयेत आणि क्षणिक लागण उगाच पकडली जाऊ नये. २००९ मध्ये तज्ज्ञांनी यासाठी मोजमाप ठरवून दिलं: नवी चाचणी प्रमाण मानलेल्या चाचणीच्या तुलनेत संवेदनशीलतेत निदान ९० टक्के आणि विशिष्टतेत, म्हणजे बदल नसलेल्यांना उगाच पॉझिटिव्ह न ठरवण्यात, निदान ९८ टक्के उतरली पाहिजे. तेव्हा लॅबला एकच प्रश्न विचारा: "ही चाचणी गर्भाशयमुखाच्या प्राथमिक तपासणीसाठी प्रमाणित आहे का, आणि १६ व १८ वेगळे सांगते का?" दोन्हींना "हो" आलं की पुरे.

पायरी तिसरी: जाण्याआधी

इथे फार काही नाही. पाळी सुरू असताना शक्यतो नको. भरपूर रक्तानं चाचणी अडखळू शकते. आधीचे दोन दिवस संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम आणि आतून धुणं टाळा. उपाशी राहायची गरज नाही. गरोदर असाल, अलीकडे बाळंत झाला असाल, कॉपर-टी असेल तर आधीच सांगा. मागच्या तपासण्यांचे कागद सोबत न्या. हे शेवटचं कुणी करत नाही आणि पुढचा निर्णय नेमका त्यावरच अडतो.

पायरी चौथी: नमुना

डॉक्टर किंवा नर्स घेणार असतील तर स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं उपकरण, घालून गर्भाशयाचं तोंड डोळ्यांसमोर आणतात. झाडूसारखा मऊ ब्रश असतो, त्याचे मधले लांब केस तोंडाच्या छिद्रात आणि आजूबाजूचे बाहेरच्या भागावर टेकवून एकाच दिशेनं पाच वेळा फिरवतात. मग तो द्रावणाच्या बाटलीत नीट खंगाळतात किंवा त्याचं डोकं बाटलीत सोडून देतात. कोणत्या बाटलीला कोणती रीत हे कंपनीगणिक बदलतं. घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्पेक्युलमला शक्यतो कोमट पाणी लावा. वंगण लागलंच तर पाण्यात विरघळणारं, अगदी थोडं आणि टोकाला न लावता, कारण काही जेलमधला कार्बोमर चाचणी बिघडवतो. आणि बाटलीवर नाव त्या बाईसमोरच लिहा. टेबलावर बिननावाच्या दोन बाटल्या उभ्या राहिल्या की जगातलं कोणतंही यंत्र तुम्हाला वाचवू शकत नाही.

दुसरा मार्ग स्वतः नमुना घेण्याचा. याबद्दल शंका घेणारे डॉक्टर अजून भेटतात. पण पीसीआर पद्धतीच्या चाचणीत स्वतः घेतलेला योनीतला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीस तोड ठरतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्र विश्लेषणातून दिसलं आहे. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२२ पासून हा पर्याय सगळ्यांना खुला केला. टेबलावर पाय फाकून झोपायच्या लाजेपायी जी कधीच येणार नाही, तिच्यासाठी हा मार्ग सोन्यासारखा आहे. रीत अशी:

१. हात धुवा, कोरडे करा. कांडीचं वेष्टन उघडा; कापसासारखं टोक कशालाही, हातालाही, लावू नका. चुकून जमिनीवर पडलं तर दुसरी मागून घ्या.

२. उभं राहून एक पाय स्टुलावर ठेवा, उकिडवं बसा किंवा झोपून गुडघे दुमडा. ज्यात अंग सैल सुटेल ते.

३. एका हातानं कडा बाजूला करून कांडी योनीत हळूच सरकवा, साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी. बऱ्याच कांड्यांवर खूण असते. गर्भाशयाचं तोंड शोधायची गरज नाही, आणि कांडी आत हरवत नाही.

४. भिंतीला टेकवून २० ते ३० सेकंद गोल फिरवा. दुखू नये. अडलं तर दिशा थोडी पाठीकडे करा.

५. काढून तिच्या नळीत ठेवा किंवा द्रावणात घोळवा, झाकण घट्ट लावा, नाव, तारीख आणि वेळ लिहा. वेळ लिहायची राहतेच, तेवढी आठवण ठेवा.

स्वतःच्या नमुन्याची एक मर्यादा आधीच माहीत असू द्या. त्यात गर्भाशयमुखाच्या पेशी पाहण्याजोग्या नसतात. म्हणून पॉझिटिव्ह आला तर पुढच्या पेशीतपासणीसाठी किंवा आतून बघण्यासाठी दवाखान्यात जावंच लागेल. ती एक फेरी जमणार नसेल तर कांडी घेण्याआधीच त्याची सोय लावा.

पायरी पाचवी: लॅबमध्ये काय होतं

हा भाग बाहेर फारसा कुणाला दिसत नाही, म्हणून जरा थांबू. रिपोर्टमधले निम्मे शब्द इथूनच आलेले असतात.

बाटली आली की आधी नाव आणि फॉर्म जुळवतात. मग नमुन्यात अशी रसायनं घालतात की पेशींची आवरणं फुटून आतला डीएनए मोकळा होतो. त्यात बारीक चुंबकीय मणी सोडले की डीएनए त्यांना चिकटतो. बाहेरून चुंबक लावून मणी धरून ठेवायचे, बाकीचा गाळ धुऊन टाकायचा आणि शेवटी शुद्ध डीएनए थोड्या द्रवात उतरवून घ्यायचा. रक्त, शेंबडासारखा स्राव, क्रीम यांचे अंश इथे नीट धुतले गेले नाहीत तर पुढची प्रक्रिया गुदमरते.

मग पीसीआर. तापमान ९५ अंशांजवळ नेलं की डीएनएच्या दोन साखळ्या सुटतात; खाली आणलं की प्रायमर नावाचे छोटे तुकडे विषाणूच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात; एन्झाइम तिथून पुढे नवी साखळी विणतं. एक फेरा झाला की एकाचे दोन, पुढे चार, आठ. तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून जास्त. विषाणूच्या खुणेला जोडलेला चमकणारा रंग प्रत्येक फेऱ्यागणिक मोजला जातो, आणि तो कोणत्या फेऱ्यात रेघेवर चढला त्या आकड्याला सीटी म्हणतात. काही रिपोर्टांवर हा आकडा छापलेला असतो. त्यावरून "माझा आजार किती वाढलाय" हे काढू नका. कांडीला किती पेशी लागल्या यावरही तो हलतो.

त्याच नळीत माणसाच्या एखाद्या जनुकाचीही तपासणी चालू असते, बऱ्याचदा बीटा-ग्लोबिनची. हा साक्षीदार. तो दिसला नाही तर नमुन्यात पेशीच नव्हत्या किंवा काहीतरी अडथळा होता, आणि मग विषाणू दिसला नाही याला अर्थ उरत नाही. अशा वेळी रिपोर्ट "इनव्हॅलिड" येतो. शिवाय प्रत्येक खेपेला एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक माहीत असलेला निगेटिव्ह नमुना बरोबर चालवतात. त्यातला एक जरी चुकला तरी अख्खी खेप रद्द.

एवढी वाढ करणाऱ्या यंत्राशेजारी सगळ्यात मोठी भीती कशाची, तर जुन्या नमुन्याचा शिंतोडा नव्यात पडण्याची. अदृश्य थेंबातही लाखो प्रती असतात. म्हणून चांगल्या लॅबमध्ये काम एकाच दिशेनं वाहतं: रसायनं तयार करायची जागा वेगळी, डीएनए काढायची वेगळी, वाढ करायची वेगळी, आणि शेवटच्या खोलीतला एप्रन पहिल्या खोलीत येत नाही. बंद कार्ट्रिजच्या यंत्रांत, जसं एक्सपर्ट, हे सगळं एका डबीतच होतं आणि साधारण तासाभरात निकाल येतो. छोट्या केंद्रात चाचणी करायची असेल तर मला तरी हीच पद्धत बरी वाटते. निकाल हातात घेऊनच बाई घरी जाते, पुन्हा बोलावण्याच्या भानगडीत निम्म्याजणी गळत नाहीत.

लॅबवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. काही चाचण्या एल१ या जनुकावर नेम धरतात, काही ई६ आणि ई७ वर. विषाणू पेशीच्या गुणसूत्रात घुसताना कधी कधी एल१ चा तुकडा गमावून बसतो. मग फक्त एल१ पाहणारी चाचणी नेमकी धोक्याच्या वेळी गप्प राहू शकते. असं क्वचित घडतं, पण किट निवडताना विचारात घ्यावं.

पायरी सहावी: रिपोर्ट वाचणं

"आढळला नाही", म्हणजे निगेटिव्ह. या चाचणीचं खरं बळ इथे आहे. आज विषाणू नाही, तर पुढच्या पाच वर्षांत गंभीर बदल होण्याची शक्यता फारच थोडी. दरवर्षी करायचा आग्रह कुणी धरला तर कारण विचारा.

"इनव्हॅलिड" म्हणजे निगेटिव्ह नव्हे आणि पॉझिटिव्हही नव्हे. नमुना पुन्हा द्यायचा, बस. तुमच्यात काही दोष निघाला असा त्याचा अर्थ नाही.

"एचपीव्ही १६ आढळला", "एचपीव्ही १८ आढळला" किंवा "इतर हाय रिस्क प्रकार आढळले" म्हणजे पॉझिटिव्ह. तिसऱ्या ओळीत बाकीचे बारा प्रकार एकत्र धरलेले असतात. कोणता ते कळत नाही, आणि बहुतेकदा कळायची गरजही नसते. यातल्या एकाही ओळीचा अर्थ कॅन्सर असा नाही. धोका कुणाला जास्त ते कळलं, आता आत बघायचं.

पायरी सातवी: पॉझिटिव्ह आल्यावर

इथे चाचणी संपते आणि काम सुरू होतं. १६ किंवा १८ असेल तर पुष्कळ ठिकाणी थेट कॉल्पोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीसारख्या उपकरणातून आत बघायला, पाठवतात. इतर प्रकार असतील तर आधी एक दुसरी चाळणी लावतात: त्याच बाटलीतल्या पेशींची तपासणी, किंवा पी१६ आणि केआय-६७ ही दोन प्रथिनं दाखवणारा दुहेरी रंग, किंवा जिथे लॅब नाही तिथे गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, ज्याला व्हीआयए म्हणतात. पेशींत बदल असेल तर कॉल्पोस्कोपी. नसेल तर साधारण १२ महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही चाचणी. त्या बारा महिन्यांत बऱ्याचजणींचा विषाणू गेलेला असतो. मधे दर महिन्याला चाचणी करून काही मिळत नाही. कमी साधनांच्या जागी पॉझिटिव्ह आल्यावर, आत बघून योग्य वाटल्यास, लगेच उपचार करण्याची रीतही जागतिक आरोग्य संघटनेला मान्य आहे.

कॉल्पोस्कोपी हे नाव ऐकून ऑपरेशन वाटतं. तसं काही नसतं. दुर्बिणीसारखं उपकरण बाहेरच राहतं. आत स्पेक्युलम, मग ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावतात, चुरचुरतं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो, तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. ती बायोप्सी. एक-दोन दिवस थोडा डाग लागतो.

बायोप्सीत सीआयएन १ आलं तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात, कारण ते बरंचसं आपोआप विरतं. सीआयएन २ ला साधारणपणे उपचार करतात, ३ ला करतातच. न्यूझीलंडमध्ये पूर्वी ज्या स्त्रियांच्या सीआयएन ३ वर पुरेसा उपचार झाला नव्हता त्यांच्या नोंदी २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ३० वर्षांत त्यांतल्या साधारण ३१ टक्के स्त्रियांना कॅन्सर झाला. म्हणजे "त्रास तर काही नाही ना, बघू पुढे" हे सीआयएन ३ च्या बाबतीत चालत नाही.

उपचार छोटा असतो. बदललेला भाग पूर्ण दिसत असेल, आत नळीत शिरलेला नसेल आणि कॅन्सरची शंका नसेल तर थर्मल ॲब्लेशन: १०० अंशांच्या वर तापवलेलं टोक २० ते ३० सेकंद टेकवतात, चालत घरी जाता येतं. नाहीतर लीप, म्हणजे विजेच्या तारेच्या फासानं तेवढा भाग कापून काढणं. त्याला भूल फक्त त्या जागेपुरती लागते. पुढे मूल हवं असेल तर आधी बोला, कारण लीपमध्ये फार मोठा भाग काढला गेला तर बाळंतपण मुदतीआधी होण्याचा धोका थोडा वाढतो. दोन्ही उपचारांनंतर महिनाभर संबंध टाळायला सांगतात.

घरातले प्रश्न

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पहिली ठिणगी नवरा-बायकोत पडते. विषाणू कधी लागला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. लग्नाआधीची लागण वीस वर्षं दबून राहून आज डोकं वर काढू शकते. यावरून कुणाचंही चारित्र्य ठरवता येत नाही, आणि समजावणाऱ्यानं हे वाक्य बाई विचारायच्या आत स्वतःहून म्हणावं. तिला ते विचारायचं धाडस होत नाही.

नवऱ्याची चाचणी करायची का? पुरुषांच्या नियमित तपासणीसाठी मान्य झालेली एचपीव्ही चाचणीच नाही. विषाणू घालवणारं औषध? तेही नाही, उपचार होतो तो त्यानं बिघडवलेल्या पेशींचा. त्यामुळे "एचपीव्ही निगेटिव्ह करून देतो" म्हणणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. लस आधीची लागण हटवत नाही. कंडोमनं धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही, कारण विषाणू झाकल्या न जाणाऱ्या त्वचेवरूनही जातो. तंबाखू आणि सिगारेट मात्र सोडावी. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत विषाणू टिकून राहण्याची आणि बदल पुढे सरकण्याची शक्यता जास्त असते.

उपचारानंतर

साधारण बारा महिन्यांनी, काही ठिकाणी सहा महिन्यांनीच, पुन्हा एचपीव्ही चाचणी करतात. ही चुकवू नका. शिल्लक राहिलेला बदल ती पेशीतपासणीपेक्षा चांगला पकडते. निगेटिव्ह आली तरी लगेच पाच किंवा दहा वर्षांच्या अंतरावर उडी मारायची नसते. एकदा सीआयएन ३ होऊन गेलेल्या स्त्रीचा धोका पुढची कित्येक वर्षं इतरांपेक्षा जास्त राहतो, म्हणून तिची तपासणी जवळ जवळ आणि जास्त वर्षं चालू ठेवतात.

कागदांची एक फाईल करा आणि तिच्या पहिल्या पानावर हाताने चार ओळी लिहून ठेवा: चाचणीची तारीख, चाचणीचं नाव, नमुना कुणी घेतला, आणि निकाल प्रकारासकट. त्याच्याखाली पुढच्या चाचणीचं वर्ष. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर नवीन ठिकाणी सगळ्यात आधी हेच पान मागतील.